एकसष्ट नंबरचं पाणी

इमारतीला लिफ्ट होती, पण ती तळघरापर्यंत येत नव्हती. मामांचं काम तळघरात होतं. गवताच्या गासड्या, खाद्याची पोती, लाकडी भुशाच्या थैल्या पाठीवरून खाली न्यायच्या आणि घाण पाठीवरूनच वर आणायची. नव्या माणसाला मामा पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: ओझं घेऊन उतरताना बोलायचं नाही. बोललं की श्वास सुटतो, आणि श्वास सुटला की कंबर जाते.

मामा हे त्यांचं नाव नव्हे. जो माणूस हाताने काम करतो आणि ज्याचं नाव विचारायला कुणाला वेळ नसतो, त्याला लोक मामा म्हणून टाकतात. "मामा म्हणायचं आणि मामाच बनवायचं," असं ते स्वतःच म्हणत, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला जागा उरत नसे.

खाली ससे होते. सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांच्या कानात आतल्या बाजूला नंबर गोंदलेला. वर प्रयोगशाळा होती. तिथे अँटिबॉडी तयार करून बारीक बाटल्यांतून देशोदेशी विकत. म्हणजे नेमकं काय करतात हे मामांना कितीतरी वर्षं कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना दिसे ते इतकंच: वरून औषध येतं, ते सशाला टोचायचं. काही आठवडे थांबून पुन्हा टोचायचं. मग कानाला ऊब देऊन शीर फुगली की रक्त काढायचं. नळीतलं रक्त उभं ठेवलं की गोठून खाली बसतं आणि वर पिवळसर, निवळ पाणी येतं. ते पाणी वर जायचं. उरलेलं लाल फेकून द्यायचं.

"लोक रक्ताचं पाणी केलं म्हणतात ना, ते आपण खरंच करतो," मामा लंब्याला सांगत. "फक्त रक्त आपलं नसतं. म्हणजे, आपलंही थोडं असतंच."

लंब्या हा मामांचा जोडीदार. तळघराच्या छताखालून नळ गेले होते, त्यांना डोकं आपटू नये म्हणून तो मान वाकवून चालायचा, आणि वाकवता वाकवता ती मान तशीच राहिली होती. दोन मुलांचा बाप, पण मामांचं बोलणं शाळेतल्या पोरासारखं पाठ करायचा. ससा उचलायचा तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय हवेत लोंबले तर ससा इतक्या जोराने लाथ झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. पिंजरा धुताना कोपरे आधी. सशाच्या मुताचा पांढरा थर बसतो, चुन्यासारखा. तो घासून निघत नाही, आंबट पाण्यात भिजत घालावा लागतो. भिजवायला वेळ नाही म्हणणारा दुप्पट वेळ घासतो आणि थर तिथेच राहतो. आणि सशाला नाव ठेवायचं नाही.

"नाव ठेवलं की जीव अडकतो," मामा म्हणत. "नावं ठेवायची हौस असेल तर कंपनीला ठेवा."

सशाचा शेवट ठरलेला असे. पाणी पुरेसं निघालं, किंवा निघालेलं पाणी वरच्यांच्या पसंतीला उतरलं नाही, की सगळं रक्त एकदम काढून घ्यायचं. आधी भुलीचं इंजेक्शन, मग सुई. ससा त्यातून उठत नाही. वरचे लोक याला 'फायनल' म्हणत. मामा नोकरीला लागले तेव्हा खालची माणसं सरळ 'मारणं' म्हणत. आज कुणाला मारायचंय, त्याला मारून झालं का. मामा कामाला कधी मागे हटले नाहीत, पण या शब्दाला त्यांची जीभ अडखळे. ते 'मोकळं करणं' म्हणू लागले. चाळीसला मोकळं केलं. उद्या दोघांना मोकळं करायचंय. जुनी माणसं हसली. एकाने विचारलं, मामा, माळ घालणार आहात का. मग ती जुनी माणसं एकेक करून गेली, नवी आली, आणि नव्यांनी तो शब्द मामांकडूनच घेतला. लंब्याला तर दुसरा शब्द ठाऊकच नव्हता. ज्याला मोकळं केलं त्याच्या पिंजऱ्यावरचं कार्ड उलटं लावायचं, ही पद्धतही मामांचीच. आणि मोकळं करायचं ठरलं की लगेच करायचं, जनावराला ताटकळत ठेवायचं नाही, त्याला कळतं, हेही त्यांचंच.

हा शब्द घरी मात्र कधी गेला नाही. घरी मामा कामाबद्दल बोलत नसत. बोलायची गरज नव्हती, वास बोलायचा. बायको घरी शिवणकाम करायची, लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा तिने शिवलेला कोट एका गिऱ्हाइकाने नाकाला लावून तसाच परत केला होता. तेव्हापासून मामा मागच्या दाराशी कपडे उतरवून, अंगावर पाणी घेऊन मगच घरात येत, थंडीतसुद्धा. ज्या दिवशी खाली कुणाला मोकळं केलेलं असे त्या दिवशी ते दुसऱ्यांदा बादली भरत. बायको आत मशीन थांबवून बादलीचा आवाज ऐके आणि समजायचं ते समजे. कान तिचे तिखट आणि जीभही.

एकदा जेवताना ती म्हणाली, "इतकी वर्षं झाली. तुमच्या हाताखालून एवढी जनावरं गेली. एक तरी स्वतःच्या पायांनी बाहेर आलं का हो?"

तिने ते काही फार विचार करून म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारावं तसं विचारलं आणि पुढच्या घासाला विसरली. मामा विसरले नाहीत. त्या दिवसापासून पोत्याखाली वाकून पायऱ्या उतरताना त्यांच्या मनात तेच असे. किती गेले हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. मोजलेलं विसरता येत नाही. पण एकही बाहेर गेला नाही, हे मोजल्याशिवायही माहीत होतं.

मग एकसष्ट नंबरची सशीण आली.

तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्यांसारखीच पांढरी, बाकीच्यांसारखंच सशाचं काळीज, भांडं पडलं की पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटायची. तिला आणि आणखी काही सशांना एकाच बाटलीतलं औषध टोचलं होतं. सगळ्यांचं पाणी वर गेलं. थोड्या दिवसांनी वरच्या मॅडम स्वतः पायऱ्या उतरून खाली आल्या. अँटिबॉडीचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चाले. त्यांच्या आधीचे साहेब तळघर कुठल्या बाजूला आहे हेही न कळता निवृत्त झाले होते. मॅडमनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मामांनी आधी पाहिलं.

"एकसष्ट कोणती?" त्यांनी विचारलं.

मामांनी दाखवली. मॅडम वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, घाई न करता. मूळपेशी म्हणजे जिचं अजून काहीच ठरलेलं नाही अशी पेशी. पुढे तिची कातडी होईल, हाड होईल, काळजाचा तुकडा होईल. जोवर ठरलेलं नसतं तोवर तिच्या आत एक प्रथिन असतं, आणि एकदा तिचं काय व्हायचं ते ठरलं की ते जातं. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली अजून मूळ आहे आणि कुठली नाही हे ओळखायचं तर ते प्रथिन शोधणारं काहीतरी हवं. त्या प्रथिनाचाच तुकडा सशांना टोचला होता. त्यांचं रक्त त्याला परकं समजतं आणि त्याला धरणारी अँटिबॉडी तयार करतं. बाकीच्या सशांचं पाणी पेशींवर टाकलं तर ते दिसेल त्याला चिकटतं, सगळंच चमकतं, काही उपयोग नाही. एकसष्टचं पाणी फक्त त्या प्रथिनालाच धरतं.

"असं क्वचित होतं, मामा," मॅडम म्हणाल्या. "हिला जपा."

त्या संध्याकाळी अंग धुऊन झाल्यावर मामांनी पहिल्यांदा घरी कामाची गोष्ट काढली. बायको सुईत दोरा ओवत होती. मामांनी आपल्या परीने सांगितलं. लहान पोरासारखं असतं म्हणे. काय वाटेल ते होऊ शकतं तोवर आत काहीतरी असतं. एकदा कामाला लागलं की गेलं.

"आणि ती ते ओळखते?"

"तिचं रक्त ओळखतं. बाकीच्यांचं कुणालाही चिकटतं. हिचं नाही. हजारांत एकालाच धरणार."

"म्हणजे नकचढी आहे," बायको म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

असं नाव पडलं. मामांनी ठेवलं नव्हतं, बायकोने ठेवलं होतं, तेव्हा आपला नियम काही मोडला नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तळघरात त्यांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. पण रोज घरी आले की बायको विचारायची, काय म्हणते नकचढी. आणि मामा सांगायचे. आज खाल्लं नाही. आज पाण्याची बाटली ढकलून दिली. आज हातावर नाक घासलं. ज्या घरात कधी रांगणारं पोर आलं नाही त्या घरात रोज संध्याकाळी एका सशिणीच्या खाण्याची चौकशी होऊ लागली.

मामांनी तिला जपलं, पण जपलं म्हणजे लाड केले नाहीत. कष्ट केले. तिच्या पिंजऱ्यावरून गरम पाण्याचा नळ जात होता, तो मधूनच ठोका द्यायचा आणि ती दचकायची. मामांनी एकट्याने पिंजऱ्यांची ती सबंध रांग सरकवून दुसऱ्या भिंतीला लावली. खालची चाकं गंजली होती, त्यामुळे रांग आधी रिकामी करावी लागली, मग चाकं सोडवून तेल घालावं लागलं, मग पुन्हा भरावी लागली. रक्त काढल्यावर इतर सशांच्या कानाला कापूस लावून चिमटा लावत. हिच्या कानावर मामा स्वतः बोट दाबून उभे राहत, रक्त पुरतं थांबेपर्यंत. लंब्याने हे पाहिलं आणि आपणही इतर सशांना तसंच करू लागला. त्याला वाटलं, नवी पद्धत आहे.

एकसष्टच्या पाण्याला मागणी आली. कुठकुठल्या देशांतून लोक ते मागवू लागले. मॅडमना वरून शाबासकी मिळाली. मामांना काही मिळालं नाही, पण मिळावं असं त्यांना वाटलंही नव्हतं. त्यांना एवढंच समजलं की जोवर हिचं पाणी हवं आहे तोवर हिला कुणी हात लावणार नाही. चांगलं काम करणाऱ्याला ठेवतात, हा त्यांचा जुना भाबडा समज होता. स्वतःच्या बाबतीत तो कधी खरा ठरला नव्हता, तरी होता.

मग वरून ठरलं की तळघर बंद करायचं. आता हे काम सशांशिवाय होणार होतं. अँटिबॉडी करणाऱ्या पेशीच काचेच्या पात्रांत वाढवायच्या, हवं तेवढं पाणी वर्षानुवर्षं एकसारखं काढायचं. खाद्य नको, गवत नको, वास नको. मॅडमनी खाली येऊन दोघांना सांगितलं. लंब्याला गोदामात घेणार होते. मामांचं निवृत्तीचं वय जवळ आलंच होतं. ससे एकेक करून फायनल. एकसष्टचं पाणी पुढची बरीच वर्षं पुरेल इतकं साठलेलं होतं, तेव्हा तिचीही आता गरज उरली नव्हती.

त्या दिवशी मामांनी बादली एकदाही भरली नाही. तसेच मागच्या पायरीवर बसून राहिले. बायकोच दार उघडून बाहेर आली.

"नकचढी?" तिने विचारलं.

"सगळेच," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पायऱ्या चढून मॅडमच्या खोलीत गेले. लिफ्टने जाता आलं असतं, पण लिफ्टमध्ये बाकीचे लोक नाक मुरडतात म्हणून ते चालतच चढले आणि दाराशी थोडा वेळ दम खात थांबले. आत जाऊन बसले नाहीत. आयुष्यात त्यांनी वरच्या लोकांकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हे नीट येत नव्हतं.

"मॅडम, एकीला तरी मोकळं सोडा. एकसष्टला."

"सोडणार कुठे, मामा?"

"माझ्या घरी. मागे जागा आहे. खुराडं मी करतो."

मॅडम म्हणाल्या की वरची परवानगी लागेल, डॉक्टर तपासतील, वेळ लागेल, पण मी भांडून बघते. हे होईपर्यंत कुणाजवळ बोलू नका असंही म्हणाल्या. ते सांगायची गरज नव्हती. मामा तळघरात हे कुणालाच सांगू शकले नसते. सगळं आयुष्य ज्याने दुसऱ्यांना शिकवलं की जीव अडकवू नका, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? लंब्यासमोर तर मुळीच नाही. लंब्या त्यांना देवासारखा मानायचा, आणि देवाला ससा पाळायची हौस असत नाही.

घरी खुराड्याचं काम सुरू झालं. एक जुनं कपाट मोडीत निघालेलं होतं, त्याच्या फळ्या काढल्या. खिळे उपटून ठोकून सरळ केले. मामांना वाकडा खिळा फेकवत नसे. खाली जमिनीची ओल लागू नये म्हणून चार पाय उंच ठेवले. बायकोने शिवणातल्या तुकड्यांची गोधडीसारखी छोटी गादी शिवली. ससा ती कुरतडणार हे मामांनी सांगितलं.

"कुरतडू दे," ती म्हणाली. "या वयात पाळणा हलवायला लावताय, मग गादी तरी नीट हवी."

तिने डब्यांतून पालेभाजी पेरली, सशिणीसाठी. ती भाजी वर आली तशी ती रोज मामांना नेऊन दाखवायची, आणि मामा म्हणायचे, अजून कोवळी आहे, थोडं थांब. दोघंही जीव मुठीत धरून होती आणि भाजीचं बोलत होती.

खाली रोज कुठलं तरी कार्ड उलटं होत होतं. मामा आणि लंब्या मिळून ते काम करत होते, जसं नेहमी करत तसंच, बारकाईने. रांग रिकामी होत गेली. एकसष्टची पाळी मामा पुढे ढकलत होते, आज हिचं अजून पाणी घ्यायचंय, उद्या डॉक्टर बघणार आहेत, अशी कारणं देत. लंब्याने त्यावर काही विचारलं नाही. मामा सांगतात म्हणजे तसंच असणार.

खुराड्याला दाराची जाळी राहिली होती. मोठ्या भोकांची जाळी लावली की सशाचा पाय अडकतो, म्हणून बारीक हवी होती, आणि ती मिळण्याचं दुकान लांब होतं. मामांनी एक दिवस रजा घेतली. रजा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लंब्याला म्हणाले, घरी काम आहे, आणि नजर चुकवून निघून गेले.

परवानगी नेमकी त्याच दिवशी आली.

मॅडमनी आनंदाने तळघरात फोन लावला. लंब्याने उचलला.

"एकसष्ट नंबरला मोकळं करायची परवानगी आली," त्या म्हणाल्या. "मामा आहेत का?"

"नाहीत मॅडम. रजेवर आहेत."

"अरेरे, आजच. बरं, तुम्ही सगळं करून ठेवा. ते उद्या येतील तेव्हा त्यांना काही करायला लागू नये."

मॅडमना म्हणायचं होतं की तिला स्वच्छ करा, न्यायचं खोकं तयार ठेवा. 'मोकळं' हा शब्द त्यांनी मामांच्याच तोंडून ऐकला होता, मोकळं सोडा, म्हणून तोच त्यांच्या डोक्यात राहिला. वर कुणी फायनलला मोकळं म्हणत नव्हतं. तो शब्द फक्त तळघरात होता.

लंब्याने फोन ठेवला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. मामा रजेवर का गेले, हे त्याला आता कळलं. या सशिणीच्या कानावर ते स्वतः बोट दाबून उभे राहायचे. त्यांच्याच्याने हे होणार नाही, म्हणून त्यांनी हा दिवस बाहेर काढला, आणि मॅडमनाही ते माहीत आहे. म्हणूनच त्या म्हणाल्या, मामांना काही करायला लागू नये. मग त्याने हात धुतले. मोकळं करायचं ठरलं की लगेच. ताटकळत ठेवायचं नाही.

मामा त्या वेळी दुकानात जाळीच्या भोकातून करंगळी जाते का ते बघत होते.

सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. हातात टोपली, टोपलीत गादी. बायको दारापर्यंत आली होती. काही कळेल का कधी परवानगी येईल, असं तिने विचारलं, आणि मामा म्हणाले, टोपली तिथेच ठेवतो, आज ना उद्या लागेलच. पायऱ्या उतरताना त्यांनी टोपली भिंतीच्या बाजूच्या हातात धरली होती, कुणाला सहज दिसू नये म्हणून.

एकसष्टच्या पिंजऱ्यावरचं कार्ड उलटं होतं.

पिंजरा धुतलेला होता, पालथा करून निथळत ठेवलेला. लंब्या मान वाकवून उभा होता. काम करून मोकळा झाला होता आणि शाबासकीची नाही, पण काहीतरी शब्दाची वाट बघत होता.

"तुमच्याच पद्धतीने केलं, मामा," तो म्हणाला. "पाय हवेत राहू दिले नाहीत. झोप लागेपर्यंत हातातच घेऊन बसलो होतो. तिला काही कळलं नाही."

मामांनी टोपली खाली ठेवली. पिंजऱ्याच्या आत हात घालून कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग बोट लंब्यासमोर धरलं.

"कोपऱ्यात पांढरं राहिलंय."

लंब्याला काही कळेना. मामांनी आंबट पाण्याचं डबडं उघडलं, फडकं भिजवलं, कोपऱ्यात कोंबलं आणि थर सुटायची वाट बघत तिथेच पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात मॅडम जिन्यावरून उतरल्या. चेहरा हसरा होता.

"काय मामा, झालं ना मनासारखं?"

मॅडमनी टोपली पाहिली, गादी पाहिली, उलटं कार्ड पाहिलं. कार्डाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण लंब्याचा चेहरा त्यांना वाचता आला.

"कुठे आहे ती?"

"मोकळी केली, मॅडम," लंब्या म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तशी. काल लगेच."

"पण मी तर मोकळं करा म्हटलं होतं."

"हो. तेच केलं."

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामा फडक्याकडे बघत होते. ओरडायचं तर कुणावर ओरडायचं? फोनवरचा शब्द मामांचा, ऐकणारा कान मामांचा, हात मामांनी घडवलेला. लगेच करायचं, हेही मामांचं. सगळ्या कामात एक चूक काढायला जागा नव्हती, त्या कोपऱ्याशिवाय.

शेवटी मॅडमच बोलल्या, आणि बोलल्या ते बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या की सकाळी वर तिचं एवढं पाणी कसं आलं ते आता कळलं, पण ते तरी वाया गेलेलं नाही, आजवरचं सर्वांत जास्त, आणि चांगलं आहे. मामांनी मान हलवली. त्यांनी फडकं काढलं, थर निघाला होता. पिंजरा पुन्हा धुतला, पुन्हा पालथा ठेवला. मग लंब्याला म्हणाले, चल, बाकीचे राहिलेत. दिवसभर दोघांनी काम केलं. लंब्याला त्या दिवशी नेमकं काय झालं ते मामांनी कधी सांगितलं नाही. मॅडमनी सांगितलं असावं, कारण पुढे तो मामांच्या नजरेला नजर देईना, आणि गोदामात गेल्यावर रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायचा.

संध्याकाळी मागच्या दाराशी बादली दुसऱ्यांदा भरली गेली नाही. म्हणून बायको हसत दार उघडायला आली. हातात डब्यातली कोवळी भाजी होती, खुडून घेतलेली. टोपलीत नुसती गादी होती.

"अहो, कुठे आहे?"

"ती मोकळी झाली," मामा म्हणाले. इतक्या वर्षांची जिभेची सवय. घरात तो शब्द पहिल्यांदाच आला.

बायकोचा चेहरा पडला, पण निराळ्याच कारणाने. "म्हणजे सोडलीत? बाहेर? अहो, पिंजऱ्यातलं जनावर ते, त्याला कुत्रं कळतं का मांजर कळतं? कुठे सोडलीत सांगा, मी जाऊन बघते. फार लांब गेली नसेल."

ती खरोखरच चपला शोधू लागली. मामा बघत राहिले. एक शब्द बोलून गप्प बसता आलं असतं. पलीकडच्या गवतात म्हणाले असते तर ती चार दिवस गवतात हिंडली असती, मग म्हणाली असती, असेल कुठेतरी, आणि एक जनावर स्वतःच्या पायांनी बाहेर आलं असतं, निदान या घरात. मामांनी तो विचार केला. पण ती चपला घालून पायरीपर्यंत आली, भाजी तशीच हातात.

"मारली," मामा म्हणाले.

ती थांबली. मग चपला काढल्या, आत गेली, आणि चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती भाजी तिने शिजवली. टाकून द्यायला पेरली नव्हती, असं म्हणाली. दोघांनी खाल्ली. मीठ नव्हतं तिच्यात, आणि कुणीच मागितलं नाही.

मामा निवृत्त झाले. तळघरात आता मोडकं सामान ठेवतात. एकसष्टचं पाणी अजून कंपनीच्या थंड कपाटात आहे, थेंबाथेंबाने विकलं जातं, आणि काचेच्या पात्रातलं नवं पाणी आलं तरी काही लोक जुनंच मागतात, असं मॅडम एकदा बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या. ज्या पेशींचं अजून काही ठरलेलं नाही तेवढ्याच ते बरोबर ओळखतं. मामांनी ऐकून घेतलं. त्यांना हातातली पिशवी जड झाली होती.

खुराडं मागे तसंच उभं आहे. मोडावं तर फळ्या चांगल्या आहेत आणि जाळी नवी. परवा शेजारीण कुंपणावरून वाकून बघत होती. तिला कोंबड्या घ्यायच्या होत्या.

"मामा, ते मोकळं आहे का हो?" तिने विचारलं.

मामा खिळ्यांच्या डब्यातला एक वाकडा खिळा दगडावर ठेवून ठोकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "घेऊन जा."